चिमट्याला एक तास द्या

विद्यार्थी मित्रांनो, ‘साधी यंत्रे’ हा धडा तुमचा केव्हाच शिकून झाला असेल. कात्री, अडकित्ता आणि चिमटा हे त्रिकूटही तुम्हांला तोंडपाठ असेल. कात्री पहिल्या प्रकारची तरफ, अडकित्ता दुसऱ्या प्रकारची आणि चिमटा तिसऱ्या प्रकारची. परीक्षेत ‘तरफेचा प्रकार ओळखा’ असा प्रश्न आला की तुम्ही डोळे मिटून उत्तर लिहिता आणि एक गुण पदरात पाडून घेता. ‘डोळे मिटून’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. कारण हे उत्तर लिहिण्यासाठी कात्रीकडे किंवा अडकित्त्याकडे एकदाही पाहावे लागत नाही. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता ज्याने जन्मात हाती धरला नाही, त्यालाही तेवढाच एक गुण मिळतो.

आता त्या यादीत नसलेली एक वस्तू घेऊ. सुटे कागद एकत्र धरण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात एक काळी क्लिप मिळते. बाजूने पाहिली तर त्रिकोणी दिसते आणि तिला तारेचे दोन दांडे असतात. तिला बाइंडर क्लिप म्हणतात. १५ मिलिमीटर रुंदीच्या चिमुकल्या क्लिपपासून ५१ मिलिमीटरच्या दांडग्या क्लिपपर्यंत तिचे अनेक आकार मिळतात. लहान क्लिप घ्यायला खाऊचे पैसे पुरतात. घरी बाबांच्या किंवा ताईच्या फायलीत एखादी सापडली तर तीही चालेल. मात्र विचारून घ्या. सांगा पाहू, ही कोणत्या प्रकारची तरफ?

क्लिपचे दोन्ही दांडे मागे, म्हणजे त्रिकोणाच्या पाठीकडे वळवा आणि बोटांच्या चिमटीत दाबा. जबडे उघडतील. आता एकाच दांड्याकडे नीट पाहा. त्याची पुढची टोके जबड्याच्या गुंडाळलेल्या ओठात अडकवलेली आहेत. मधला भाग पाठीच्या कडेवर टेकला आहे. मागचे टोक तुमच्या बोटाखाली आहे. टेकू मध्ये, भार एका बाजूला, बल दुसऱ्या बाजूला. म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ. लिहा उत्तर, घ्या गुण.

पण जरा थांबा. क्लिप कागदांवर लावा, बोटे काढा आणि दांडे पुढे दुमडून कागदांवर आडवे करा. आता टेकू कुठे आहे? दांडा पाठीच्या कडेला शिवतही नाही. तो कागदावर नुसता पडून आहे. त्याचे काम संपले. कागद मात्र घट्ट धरलेले आहेत. त्यांना कोण धरते? तो वाकवलेला पोलादी पत्रा धरतो. मग पत्र्याच्या चित्रात बलाचा बाण कुठे काढायचा? पत्रा एका बिंदूत वाकलेला नाही. पाठीपासून ओठापर्यंत तो थोडाथोडा वाकला आहे, कुठे जास्त, कुठे कमी. तरफेच्या आकृतीत टेकू दाखवायला एक ठराविक जागा लागते, ती इथे सापडत नाही. तेव्हा खरे उत्तर असे द्यावे लागेल : उघडताना ही पहिल्या प्रकारची तरफ आहे आणि धरताना ती तरफ नाहीच, नुसती स्प्रिंग आहे. हे उत्तर एका शब्दात मावत नाही. ‘प्रकार ओळखा’ असे विचारणाऱ्याला ते नकोही असते.

या क्लिपची खरी अक्कल इथेच आहे, असे मला वाटते. दोरीवरच्या कपड्यांना लावतो तो चिमटा पाहा. त्याचे दांडे काम झाल्यावरही मागे तसेच बाहेर राहतात. परीक्षेला नेता त्या पॅडवरची क्लिपही तशीच. तिचा उंचवटा दप्तरातल्या वह्यांना बोचतच राहतो. बाइंडर क्लिपची तरफ मात्र हवी तेव्हा येते आणि नको तेव्हा दुमडून बाजूला होते. एक दांडा उभा ठेवला तर कागद खिळ्याला टांगताही येतात. एक पत्रा आणि दोन तारा, एवढाच संसार!

ही क्लिप १९१० साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात राहणाऱ्या लुई बाल्ट्झली याने शोधून काढली. त्याचे वडील एडविन हे लेखक होते आणि नवनवी उपकरणे शोधण्याचा त्यांनाही नाद होता. त्या काळी तिकडे हस्तलिखिताची पाने एकत्र ठेवायची तर कडेला भोके पाडून ती दोऱ्याने शिवत. मधले एक पान बदलायचे झाले की सगळी शिवण उसवायची, पान बदलायचे आणि पुन्हा शिवायचे. वडिलांची ही कटकट वाचावी म्हणून मुलाने क्लिप केली. १९१५ साली तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली आणि रचनेत वेळोवेळी सुधारणाही केल्या. पण वाकवलेला पत्रा आणि उलटे फिरणारे दांडे ही मूळ कल्पना शंभर वर्षांनंतरही तीच आहे.

म्हणून दोरा वाईट आणि क्लिप चांगली, असे मात्र समजू नका. सुटे कागद सांभाळण्याचा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. पोथीची पाने सुटी असत. ती दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात गुंडाळत. पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे तिथे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे. रुमाल कागदाला टोचत नाही, गंजत नाही आणि त्यावर डागही पाडत नाही. जुन्या कागदाला लावलेली लोखंडी टाचणी पावसाळी हवेत गंजते आणि तिच्याभोवतीचा कागद तपकिरी होऊन शेवटी तुटतो, हे तुम्ही घरच्या जुन्या कागदपत्रांत पाहिले असेल. नोटांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. पूर्वी बँका नोटांच्या पुडक्यांना तारेचे टाके मारत आणि नोटा फाटत. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे टाके बंद करून पुडक्यांना कागदी पट्टी गुंडाळण्याचा आदेश दिला. उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडताना मात्र दोराच बरा. ती मध्येच सुटून चालणार नाही. तिथे चटकन उघडणे हा गुण नसून दोष आहे. कोणती वस्तू चांगली, हे तिच्याकडून काय काम करून घ्यायचे आहे त्यावर ठरते. बाल्ट्झलीच्या वडिलांना पाने बदलायची होती, परीक्षा मंडळाला ती बदलू द्यायची नाहीत.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो शिक्षकांनीही ऐकावा अशी विनंती आहे. विज्ञानाच्या तासांपैकी एक तास या क्लिपला द्यावा आणि ‘तरफेचा प्रकार ओळखा’ या प्रश्नाला परीक्षेतून निरोप द्यावा. त्याच्या जागी वस्तू हाताळल्याशिवाय लिहिताच येणार नाही असा प्रश्न यावा. क्लिप त्यासाठी कशी उपयोगी पडते, ते एका प्रयोगाने दाखवतो.

सर्वांत लहान किंवा तिच्यापुढची क्लिप घ्या. दोन्ही दांडे जबड्यांना काटकोनात उभे करा, एक वर आणि एक खाली. वरच्या दांड्यात मजबूत सुतळी ओवून ती खिळ्याला किंवा खिडकीच्या गजाला टांगा. खालच्या दांड्याला सुतळीने एक रिकामी बाटली अडकवा. ती पुरली नाही तर छोटी बादली घ्या, आणि मोठी क्लिप असेल तर बादलीच लागेल. बादली जमिनीपासून चार बोटांवरच ठेवा आणि खाली पाय घालू नका. आता मापाने थोडेथोडे पाणी ओता. एक लीटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम, त्यामुळे तराजूची गरज नाही. बाटलीचे किंवा बादलीचे स्वतःचे वजन तेवढे वाण्याकडे जाऊन करून आणा. इथे दांडे तरफेचे काम करत नाहीत. बादलीचे वजन थेट जबड्याच्या ओठांना ओढते.

जबडे किती उघडले, ते कसे मोजायचे? कागदानेच. ५०० तावांच्या न फोडलेल्या गठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजा आणि ५०० ने भागा. नेहमीच्या कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरेल. मग जबड्याच्या फटीत किती कागद सहज सरकतात ते मोजले की झाले. दहा कागद सरकले तर फट सुमारे एक मिलिमीटर. प्रयोगशाळेच्या कपाटातले व्हर्नियर कॅलिपर न मिळाल्याचे दुःख करू नका. बऱ्याच शाळांत ते कपाट कुलूपबंद असते आणि किल्ली कोणाकडे आहे हा वेगळ्याच संशोधनाचा विषय असतो.

आडव्या अक्षावर वजन आणि उभ्या अक्षावर फट घेऊन आलेख काढा.

हूकचा नियम तुम्हांला माहीत आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १६७६ साली छापला तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात. कल्पना आपली आहे याची नोंद व्हावी, पण इतरांना ती कळू नये, असा त्याचा बेत होता. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने कोड्याचा उलगडा केला : स्प्रिंग जितक्या बलाने ओढावी तितक्या प्रमाणात ती ताणते. बल दुप्पट तर ताण दुप्पट. प्रमाणात असलेल्या दोन राशींचा आलेख म्हणजे सरळ रेषा आणि ती मूळबिंदूतून जाणारी, हेही तुम्हांला ठाऊक आहे. प्रयोगवहीत स्प्रिंगचा आलेख तसाच असतो. प्रयोग केला असो वा नसो, तो तसाच असतो!

बाइंडर क्लिपचा आलेख मूळबिंदूतून जात नाही. पाणी ओतत राहा, फट शून्यच. आणखी ओता, तरीही शून्य. एकही कागद आत शिरत नाही. मग एका ठराविक वजनाला जबडे किंचित सुटतात आणि त्यानंतर मात्र वजनाबरोबर फट वाढू लागते. म्हणजे रेषा आधी आडव्या अक्षावरच सरपटते आणि पुढे एका जागी वर वळते.

असे का व्हावे? हूक चुकला काय? मुळीच नाही. क्लिप बनवताना पत्रा असा वाकवलेला असतो की दोन्ही जबडे एकमेकांना भिडल्यावरही आणखी आत जाऊ पाहतात. त्यांना अडवतो तो समोरचा जबडा. म्हणजे क्लिप दुकानात रिकामी पडलेली असतानाही ती आधीच ताणलेली आहे, एक जबडा दुसऱ्याला दाबतो आहे. तुम्ही टांगलेले वजन आधी हा दाब फेडण्यात खर्च होते. तो पुरता फिटल्यावरच जबडे सुटतात. वर चढणारी रेषा पट्टी लावून मागे, अक्षाच्या खालपर्यंत वाढवा. ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली छेदेल. तिथे फट ऋण आहे. ऋण फट म्हणजे काय, असे बीजगणिताच्या सरांना विचारायचे कारण नाही, क्लिपलाच विचारा. समोरचा जबडा नसता तर हे जबडे एकमेकांना ओलांडून किती पलीकडे गेले असते, ते हे ऋण अंतर सांगते. एकाच कागदाला लावलेली क्लिपही घट्ट का बसते, याचे कारणही हेच आहे. दाब जर शून्य फटीला शून्य असता, तर एका पातळ कागदाला तिने जवळजवळ धरलेच नसते.

आता परीक्षकाच्या जागी बसा. एका विद्यार्थ्याने प्रयोग केला आहे. दुसऱ्याने गेल्या वर्षीच्या मुलाच्या प्रयोगवहीतून उतरवून घेतले आहे, किंवा ‘हूकचा नियम म्हणजे मूळबिंदूतून जाणारी रेषा’ एवढ्या पाठांतरावर आकडे तयार केले आहेत. दुसऱ्याचा आलेख जास्त देखणा असेल. पण तो मूळबिंदूतून जाईल आणि तिथेच उघडा पडेल. प्रयोगवह्या उतरवून काढल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याकडे काणाडोळा करतात. यात मी मुलांना फारसा दोष देत नाही. ज्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले आहे, तो प्रयोग करण्यात कोणता शहाणपणा? उत्तर ठाऊक असेल तर मुले मोजताना ‘बरोबर’ आकडा येईपर्यंत मोजत राहतात, आणि खरा आकडा आला की खोडतात. खोडलेला आकडाच पुष्कळदा खरा असतो. हे मला फार वाईट वाटते. विज्ञान शिकवताना आपण मुलांना स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवतो आहोत.

त्याच तासात आणखी एक पैज लावता येईल. क्लिपमध्ये चार कागद धरा आणि मधला एक ओढून पाहा. मग चाळीस कागद धरा आणि पुन्हा मधला एक ओढा. ओढण्यापूर्वी वर्गात हात वर करून मते घ्या : कोणत्या वेळी कागद सैल निघेल? पुष्कळ हात चाळिसाच्या बाजूने वर जातील. दाब चाळीस कागदांत वाटला जातो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो, असा हिशेब मुले करतात. लाडू वाटायचे असतील तर हा हिशेब बरोबर आहे. पण दाब लाडवासारखा वाटला जात नाही. पहिला कागद दुसऱ्याला जेवढा दाबतो, तेवढाच दुसरा तिसऱ्याला, आणि असे करत तो दाब पूर्णच्या पूर्ण दुसऱ्या जबड्यापर्यंत पोहोचतो. शिवाय चाळीस कागदांनी जबडे जास्त उघडलेले असतात, म्हणून पत्र्याचा दाबही जास्त असतो. तेव्हा चाळिसातला मधला कागद उलट अधिक जोराने ओढावा लागतो. स्प्रिंगकाटा असेल तर तो कागदाला अडकवून बलही मोजा.

क्लिप टांगली म्हणजे हिशेब आणखी रंगतो. सगळ्या कागदांचे वजन शेवटी बाहेरच्या दोन कागदांवर, म्हणजे जबडा आणि कागद यांच्यातल्या घर्षणावर तोलले जाते. हे वजनही घरबसल्या काढता येते. ए-४ आकाराचे १६ ताव मिळून एक चौरस मीटर होतो. गठ्ठ्याच्या वेष्टनावर एका चौरस मीटरचे वजन छापलेले असते. ते ८० ग्रॅम असेल तर एक ताव ५ ग्रॅमचा आणि १०० ताव अर्धा किलोचे. अर्धा किलो वजन हवेत अधांतरी, आणि खाली आधार काही नाही, नुसते घर्षण!

घर्षणाचा एक उपद्व्याप परीक्षेतही अनुभवाला येतो. अरुंद क्लिपच्या पॅडवर लिहिताना उत्तरपत्रिका हळूहळू तिरकी होते. कागद क्लिपमधून निसटत नाही, तो क्लिपभोवती फिरतो. लिहिणारा हात क्लिपपासून दूर, कागदाच्या तळाशी असतो. तिथला थोडासा धक्काही लांब दांड्यासारखा काम करतो. क्लिप रुंद असेल तर पकडीची दोन टोके एकमेकांपासून दूर राहतात आणि फिरण्याला जास्त विरोध करतात. म्हणून पॅड घेताना क्लिप किती कडक आहे एवढेच पाहू नका, ती किती रुंद आहे तेही पाहा. आणि तळाशी एक रबरबँड लावा.

पत्रा एवढा जोर कुठून आणतो, हा प्रश्न राहिला. त्यासाठी दोन सारख्या प्लास्टिकच्या पट्ट्या घ्या. एक पट्टी वाकवा, मग दोन्ही एकावर एक ठेवून वाकवा. साधारण दुप्पट जोर लागेल. पण तेवढ्याच जाडीची एकसंध पट्टी असती, तर आठपट जोर लागला असता. पट्टीचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, मात्र जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून क्लिपचा पत्रा जरासा जाड केला की ती उघडता उघडत नाही, आणि जरासा पातळ केला की लुळी पडते. तो पत्राही साधा चालत नाही. डब्याचा पत्रा वाकवला की वाकलेलाच राहतो. क्लिपसाठी स्प्रिंगचे पोलाद लागते. ते तापवून झटकन थंड करतात आणि मग पुन्हा बेताने तापवतात. लोहार विळ्याला पाणी पाजतो, तीच ही विद्या. पहिल्या क्रियेने पोलाद कठीण पण ठिसूळ होते, दुसरीने त्याचा ठिसूळपणा जातो. तरीही मर्यादा आहेच. छोट्या क्लिपमध्ये जाड वही कोंबली तर ती पुन्हा पूर्वीसारखी मिटत नाही. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडणे म्हणतात ते हेच.

इथपर्यंत वाचून काही शिक्षक म्हणतील, हे सगळे ठीक आहे, पण वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम पुरा करायचा आणि तासाला मिनिटे ठरलेली. क्लिपा वाटायच्या कधी आणि बादल्या टांगायच्या कुठे? ही अडचण खरी आहे. पण सहा मुलांचा एक गट केला तर दहा क्लिपा आणि दहा बाटल्या पुरतात, आणि बाटल्या मुलेच आणतील. वेळ कुठून काढायचा, तर तरफांच्या तीन प्रकारांची उदाहरणे घोकून घेण्यात जो वेळ जातो त्यातून. तरफेचे प्रकार निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. ओतूची आणि भाराची जागा बदलली की काय बदलते, हे समजायला ते उपयोगी आहेत. नावे समजून घेण्यासाठी असतात, समज झाकण्यासाठी नव्हे, इतकेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक गटाची क्लिप वेगळी, म्हणून प्रत्येकाचे उत्तर वेगळे येणार. मग तपासायचे कसे? आदर्श उत्तर कोणते? याला माझे उत्तर असे, की मुलाच्या तक्त्याशी त्याचाच आलेख जुळतो का आणि त्याच्या आलेखाशी त्याचा निष्कर्ष जुळतो का, हे पाहावे. एकाचे जबडे पाऊण किलोला सुटले आणि दुसऱ्याचे दीड किलोला, तरी दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात. हे हवेतले बोलणे नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो शाळांत पसरला. तिथे मुले स्वतः प्रयोग करून शिकत, परीक्षेला पुस्तके उघडी ठेवायला परवानगी असे आणि प्रयोगांचीही परीक्षा होई. पुस्तक उघडे ठेवूनही ज्याचे उत्तर सापडत नाही, असे प्रश्न काढावे लागत. तीस वर्षे हा कार्यक्रम चालला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. बंद झाला म्हणून तो फसला, असे मला वाटत नाही. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून हजारो मुलांना भूमिती नि विज्ञान शिकवले. तेही १९७८ साली याच होशंगाबादच्या कामात होते.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेने तास दिला नाही तर तुम्ही घरी रविवारचा एक तास द्या. करायला आणखीही एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दोन सारख्या क्लिपा घ्या आणि दोन्हींचे जबडे किती वजनाला सुटतात ते लिहून ठेवा. मग एक क्लिप तिला जेमतेम मावेल एवढ्या जाड गठ्ठ्याला लावा आणि दुसरी मोकळी ठेवा. कपडे वाळत घालायचे दोन प्लास्टिकचे चिमटेही याच रीतीने तयार करा. सुट्टी संपल्यावर चौघांची वजने पुन्हा मोजा, आणि मोजण्यापूर्वी आपला अंदाज एका कागदावर लिहून तो घडी घालून आईजवळ द्या.